दहा पावलांवरची बंदूक

शंकासुर : एक सरळ प्रश्न विचारतो. चाळिशीला आलेला, घरदार सांभाळणारा माणूस दिवाळीच्या बाजारातून टिकल्यांचं पिस्तूल आणतो. त्याचे स्क्रू काढतो, त्याला भंगारातले तुकडे चिकटवतो, रंग देतो आणि काचेच्या कपाटात मांडून सांगतो की ही तेविसाव्या शतकातली किरणबंदूक. का बे? छंदच हवा तर नाणी जमव, पोस्टाची तिकिटं जमव, जुन्या रेडिओंची दुरुस्ती कर. बंदूकच कशाला? मला तर विज्ञानकथा हा नुसता बुरखा वाटतो. आत बंदुकीचं जुनंच वेड आहे. खरी घ्यायला परवाना लागतो, म्हणून खोटी घ्यायची. खोटी घेतली की पोरकट दिसतं, म्हणून तिला भविष्याचं नाव द्यायचं.

हौशी : वेड आहे काका, ते नाकारत नाही. पण ते बंदुकीचं कमी आणि जोडकामाचं जास्त आहे. हा छंद जिथून निघाला ती गोष्ट ऐका. १९७६ साली लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत ‘स्टार वॉर्स’चं चित्रीकरण चाललं होतं. अंतराळातली हत्यारं नव्यानं घडवायला पैसा नव्हता. सेटची सजावट बघणारा रॉजर ख्रिश्चन सिनेमाला शस्त्रं भाड्यानं देणाऱ्या ‘बाप्टी’ या पेढीत गेला आणि तिथल्या जुन्या, खऱ्या बंदुका धुंडाळू लागला. त्यातला नायक हॅन सोलो, त्याच्या कमरेचं पिस्तूल म्हणजे जर्मन माउझर सी-९६, त्यावर दुर्बीण आणि नळीच्या तोंडाला एक टोपी. पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकांच्या हातात ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगन होती. तिच्या कुशीला चिकटवला होता हेंग्स्टलर कंपनीचा काउंटर, कारखान्यात यंत्राचे फेरे मोजतो तसला. प्रकाशाची तलवार तर बंदुकीतूनही आली नाही. जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशची धातूची मूठ घेतली, तिला पट्ट्या चिकटवल्या, कॅलक्युलेटरमधला एक तुकडा बसवला, झाली तयार. त्या सिनेमाच्या कलादिग्दर्शनाला ऑस्कर मिळालं आणि ख्रिश्चन त्याचा एक मानकरी होता.

आता मला सांगा, यंत्रावरचा काउंटर सोलापूरकराला परका आहे का? ‘जुनी गिरणी’ म्हणतात ती कापडगिरणी इथं १८७७ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून हे गाव यंत्रांच्या सुट्या भागांत वाढलंय. मागावर किती कापड निघालं ते असाच एक काउंटर मोजतो. एमआयडीसीतल्या भंगाराच्या ढिगाजवळ उभं राहिलं की मला अर्धं अंतराळयान दिसतं. दातेरी चाकं, स्प्रिंगा, बॉबिनी, घासून चकचकीत झालेले दांडे. लंडनमध्ये त्यांनी हेच केलं. वस्तू ओळखीची, पण मांडणी अशी की ओळख पटू नये. मी त्याच वाटेनं चाललोय, फक्त माझा ढीग सोलापूरचा आहे.

शंकासुर : तू उदाहरण दिलंस आणि माझंच काम सोपं केलंस. ती स्टर्लिंग तुला अंतराळातली वाटते, मला नाही. तीच बंदूक आपल्याकडे परवान्यानं कानपूरच्या शस्त्र कारखान्यात बनत होती आणि कार्बाइन म्हणून जवानांच्या, पोलिसांच्या खांद्याला वर्षानुवर्षं लटकत होती. बंदोबस्तात ती बघतच आम्ही म्हातारे झालो. तुझा तो पांढरा सैनिक माझ्या डोळ्यांना दंगलीतला शिपाई दिसतो. आणि माउझर? २६ ऑगस्ट १९१४ ला कलकत्त्याच्या रोडा कंपनीचा माल क्रांतिकारकांनी पळवला, त्यात पन्नास माउझर पिस्तुलं आणि सेहेचाळीस हजार गोळ्या होत्या. ज्या वस्तूसाठी या देशात माणसं फासावर गेली, तिच्यावर दुर्बीण चिकटवून परदेशात एक गमतीदार नायक उभा केला. ती गंमत त्यांची. आपल्याला त्या आकाराचा अर्थ वेगळा आहे.

आणि हत्यार खोटं आहे हे धरून चालण्याची जागा कोणती? नाट्यगृह. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. त्या नाट्यगृहात अनंत कान्हेरेनं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पिस्तूल ब्राउनिंग, गोळ्या खऱ्या. आपल्या गावाचंच घे. १९३० च्या मेमध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना जानेवारी १९३१ मध्ये येरवड्यात फाशी झाली. त्या जुलमाचा राग मनात धरून वासुदेव बळवंत गोगटेनं २२ जुलै १९३१ ला पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळी झाडली. हॉटसन वाचला. अलीकडचं हवं असेल तर इथं पोलीस आयुक्त राहिलेले अशोक कामटे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवरच्या हल्ल्यात कसे गेले, ते आठव. बंदुकीचा आकार या गावाला सिनेमातून कळलेला नाही. तो आधीपासून अंगावर आलेला आहे. तू त्यावर चंदेरी रंग लावलास म्हणून तो कोरा होत नाही.

हौशी : आकाराला आठवण असते, हे मान्य. पण अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार तुम्हीच मला लहानपणी दाखवलं होतं. तिथं तलवारींबरोबर बंदुकाही आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. लोक पोरांना कडेवर घेऊन बघतात, कुणी दचकत नाही. तिथं आठवण चालते आणि माझ्या कपाटात चालत नाही, असं का? तुम्ही म्हणाल, तो इतिहास आहे. मग मी काय करतो ते जवळून बघा आणि त्याला काय नाव द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

टिकल्यांच्या पिस्तुलाच्या दोन फाका असतात, तीन-चार स्क्रूंनी जोडलेल्या. उघडलं की आत एक स्प्रिंग, एक पत्र्याचा घोडा आणि बाकी सगळी पोकळी. मी पहिल्यांदा स्प्रिंग काढून टाकतो आणि नळी एम-सीलनं भरून बुजवतो. मग मागावर सूत इकडून तिकडे नेणारा धोटा घेतो. नवे माग बिनधोट्याचे येऊ लागले तसे जुने धोटे भंगारात किलोवर मिळायला लागले. एक हातात धरून बघा. दोन्ही टोकांना धातूची नाकं, मधे कांडी बसायची खाच, बाजूला सूत ओवून घ्यायचं चिनी मातीचं बारीक भोक. लाकूड इतकं तुळतुळीत की पॉलिश केल्यासारखं. ते कुणी घासलेलं नसतं, ताण्यावरून लाखो वेळा इकडून तिकडे धावून ते तसं झालेलं असतं. मी तो मधोमध कापतो आणि नाकाकडचा अर्धा भाग पिस्तुलाच्या पुढं बसवतो. खाचेत कांडी तशीच ठेवतो, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळतो. फटी लांबीनं भरायच्या, पॉलिश पेपरनं घासायचं, काळा प्रायमर, त्यावर लेथ मशीनला असतो तसला हिरवा. शेवटी कोरड्या ब्रशनं कडांना पुसटसं चंदेरी, आणि जिथं हाताचा अंगठा घासला असता तिथं पेन्सिलचं शिसं चोळायचं. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड. वस्तू नवी बनवता येते, पण ती कुणीतरी वीस वर्षं वापरली आहे असं दाखवायला वापरणारा माणूस डोळ्यांपुढं आणावा लागतो.

आता ती वस्तू हातात घ्या. बंदूक उरलीय का? जवळून बघणारा पहिल्यांदा म्हणतो, अरे, हा तर धोटा!

शंकासुर : जवळून. तू तो शब्द आपणहून उच्चारलास हे बरं झालं. एका हातावरून धोटा दिसतो. दहा पावलांवरून काय दिसतं? संध्याकाळी, रस्त्यावरचा दिवा गेलेला असताना, पोराच्या मुठीतून पुढं आलेली लांबट नळी. अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात २२ नोव्हेंबर २०१४ ला तमिर राइस नावाचा बारा वर्षांचा मुलगा बागेत प्लॅस्टिकच्या छर्र्यांची खेळण्यातली बंदूक घेऊन खेळत होता. अशा बंदुकांच्या तोंडाशी नारिंगी खूण असावी, असा तिथं १९८८ पासून कायदा आहे. त्याच्या बंदुकीची खूण निघून गेलेली होती. पोलिसांची गाडी येऊन थांबली आणि दोन सेकंदांत त्याला गोळी लागली. त्या शिपायाला खेळणं हातात घेऊन बघायला वेळ होता का? तू सगळा जीव ओततोस तो एका हातावरच्या नजरेसाठी. माणूस घाबरतो तो दहा पावलांवर.

आणि आपला कायदासुद्धा दहा पावलांवरच उभा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात कलम ६ आहे. बंदुकीची नळी आखूड करायला किंवा नकली बंदुकीची खरी बंदूक करायला परवाना लागतो, असं ते सांगतं. तिथंच नकली बंदुकीची व्याख्या आहे : बंदुकीसारखी दिसणारी कोणतीही वस्तू, मग तिच्यातून गोळी सुटो वा न सुटो. कलम २८ आणखी पुढं जातं. अटक टाळायला कुणी नकली बंदूक वापरली तरी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आत स्प्रिंग आहे की एम-सील, हे त्या व्याख्येनं विचारलेलंच नाही. बंदुकीसारखी दिसते का, एवढंच विचारलंय.

हौशी : कलम ६ मी वाचलंय काका, आणि मला ते माझ्या बाजूचं वाटतं. कायद्याला धास्ती आहे ती नकलीची खरी करण्याची. मी उलट्या दिशेनं जातो. दुकानातली वस्तू बंदुकीची नक्कल असते. माझ्या हातातून गेल्यावर ती नकलेचीही नक्कल राहत नाही. नुसती नकली बंदूक तशीच ठेवणारे संग्राहक असतात. हुबेहूब वजन, हुबेहूब रंग, कंपनीचा शिक्कासुद्धा. त्यांच्याबद्दल तुम्ही बोललात तर मी तुमच्या शेजारी बसेन. मॉडेल जितकं खऱ्याजवळ, तितकी धास्ती जास्त. म्हणून तर मी त्यापासून दूर पळतो.

दुसऱ्या देशांनी हाच प्रश्न कसा सोडवला ते बघा. जपानमध्ये साठच्या दशकात धातूच्या मॉडेल बंदुका फार निघाल्या, इतक्या हुबेहूब की गुन्ह्यांत वापरल्या जाऊ लागल्या. १९७१ मध्ये त्यांनी नियम केला की धातूचं मॉडेल पिस्तूल पांढरं किंवा पिवळं हवं आणि त्याची नळी बुजवलेली हवी. १९७७ मध्ये आणखी कडक केलं. छंद मेला नाही, त्यानं रंग बदलला. ब्रिटनच्या २००६ च्या कायद्यानं हुबेहूब नकलांची विक्री बंद केली, पण सिनेमा, नाटक आणि इतिहासाचे प्रयोग यांना वाट ठेवली. आणि मला सगळ्यात आवडतं ते जपानचंच उदाहरण. ‘ब्लेड रनर’ या १९८२ च्या सिनेमातलं पिस्तूल स्टायर रायफल आणि चार्टर आर्म्स रिव्हॉल्व्हर यांचे भाग जोडून केलेलं होतं, म्हणजे दोन्ही खरी हत्यारं. तिथल्या शौकिनांनी पुढं त्याचीच पिचकारी काढली. आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकची, आत पाणी भरायची. दोन बंदुकांतून निघालेली वस्तू शेवटी रंगपंचमीच्या कामाला आली! मी याच प्रवासाबद्दल बोलतोय.

शंकासुर : प्रवास दोन्ही बाजूंनी होतो, हे तू विसरतोस. तुझ्या टेबलावर ड्रिल आहे, कानस आहे, ओळखीचा लेथवाला आहे. गावठी कट्टा करणाऱ्याकडे याहून वेगळं काय असतं? तू नळी बुजवतोस, तो उघडतो. मला तुझ्यावर संशय नाही. पण छंद म्हटला की तो एकट्याचा राहत नाही. तुझं बघून दहा पोरं शिकतात, आणि त्यांच्यामागून येणारं अकरावं कोण असेल ते तुला माहीत नसतं.

‘प्रतिकृती’ हा शब्दसुद्धा फसवा आहे. २१ ऑक्टोबर २०२१ ला न्यू मेक्सिकोमध्ये ‘रस्ट’ सिनेमाच्या सेटवर छायाचित्रकार हेलिना हचिन्स गोळी लागून गेली. ते रिव्हॉल्व्हर जुन्या कोल्टची इटलीत बनलेली प्रतिकृती होती. दिसायला प्रतिकृती, पण गोळी झाडणारी. सेटवर डमी काडतुसांत खरी काडतुसं मिसळली गेली होती. १९९३ मध्ये ‘द क्रो’च्या चित्रीकरणात ब्रँडन ली गेला तेव्हाही आधीच्या प्रसंगातल्या डमी काडतुसाचा तुकडा नळीत अडकून राहिला होता. ही सगळी माणसं पगारी आणि जाणकार होती, शस्त्रं सांभाळायला वेगळा माणूस नेमलेला होता. आणि जवळचं बघायचं तर २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइड बंदुकीनं शंभराहून अधिक पोरांच्या डोळ्यांना इजा झाली. खेळणं म्हणूनच विकत होते ना?

हौशी : ती बंदूक बघितलीत तुम्ही? ती बंदुकीसारखी दिसतच नव्हती. प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा, माकडं हाकलायला शेतात वापरतात तसला. चाप नाही, मूठ नाही, घोडा नाही. आकार साधा आणि परिणाम भयंकर. माझ्याकडं आकार आहे आणि परिणाम शून्य. मग धोका आकारात असतो असं तुम्ही कशावरून म्हणता? ‘रस्ट’मध्ये घात झाला तो नळी मोकळी होती म्हणून. माझ्या नळीत काडतूस जाऊच शकत नाही, कारण नळी बुजवलेली आहे आणि तिच्यापुढं लाकूड आहे. तुमच्या या सगळ्या उदाहरणांत आत काय होतं त्यानं माणूस गेला. फक्त एका उदाहरणात बाहेरून काय दिसत होतं त्यानं गेला, त्या बारा वर्षांच्या मुलाच्या. तिथं मात्र मी गप्प बसतो. त्याला उत्तर नाही माझ्याकडं.

शंकासुर : मग ते तसंच राहू दे आणि दुसऱ्या बाजूनं ये. तू याला कला म्हणतोस. कलेत माणूस आपल्या मातीतलं काही आणतो. तुझं भविष्य मात्र उसनं आहे. ते माउझरमधून, स्टर्लिंगमधून निघालंय. मराठीत विज्ञानकथा नव्हती का? १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा आली, नारायण विनायक जगताप या नावानं. पाठवणारे होते जयंत नारळीकर. त्यांच्या गोष्टींत काय असतं? धूमकेतू असतो, गणित असतं, काळाचा घोळ असतो, जमिनीत खोल सापडलेली कुण्या जुन्या संस्कृतीची ठेव असते. शत्रूवर किरण सोडून प्रश्न मिटवलाय, असं मला तरी त्यात आठवत नाही. किरणं आणि उडणारी यानं आपल्याकडं आली ती टीव्हीवरून. १९९८ मध्ये दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ लागायचं, मिलिंद सोमणचं, ते तुझ्या पिढीनं बघितलंय. म्हणजे आमच्या लेखकांनी बंदुकीशिवाय भविष्य रंगवून दाखवलं, आणि तुम्ही पोरांनी कपाटात काय मांडलं? बंदूक.

आणि पडद्यावरची वस्तू मनात बसायला हत्यारच लागतं, असंही नाही. १९९३ च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू बघ. रामदास पाध्यांनी केलेली एक बोलकी बाहुली. त्या बाहुलीनं महाराष्ट्रातली पोरं अंथरुणात डोक्यावर पांघरूण घेऊन झोपवली. मराठी सिनेमातली सगळ्यात लक्षात राहिलेली वस्तू विचारली तर मी तिचं नाव घेईन. तू तुझा धोटा घेऊन तसं काही का करत नाहीस? त्याला पिस्तुलाच्या पुढंच का जोडायचं?

हौशी : केलं होतं काका. हा प्रश्न मला आधीच पडला होता. एकदा नुसत्या धोट्यांचंच यंत्र केलं. चार धोटे चक्रासारखे लावले, मधे काउंटर, खाली लाकडी बैठक. मूठ नाही, चाप नाही. सांगायचं असं की हे दुसऱ्या ग्रहावरचं हवामान मोजतं. घरी येणारा प्रत्येक जण ते बघून ‘छान आहे’ म्हणायचा आणि पुढं जायचा. शेजारच्या फळीवर ते हिरवं पिस्तूल होतं. त्याच्याकडं हात आपोआप जायचा. मोठ्यांचा, पोरांचा, बायकांचा, सगळ्यांचा. उचलायचे, वजन बघायचे, मग जवळ घेऊन विचारायचे, हे काय, हा धोटा आहे का? म्हणजे धोटा त्यांनी बघितला तो मूठ होती म्हणून. नुसता समोर ठेवला तेव्हा कुणी बघितला नाही.

तेव्हापासून मी मुठीचा विचार करतो. बंदुकीची मूठ आपण किती ठिकाणी धरतो! हातातलं ड्रिल तसं, केस वाळवायचं यंत्र तसं, पेट्रोल पंपावरचा नोझल तसा, मॉलमध्ये किमतीचे पट्टे वाचायचं यंत्र तसं. २०२० मध्ये कोरोनाच्या दिवसांत तर दाराशी उभा असलेला वॉचमन प्रत्येकाच्या कपाळावर ताप मोजायची बंदूक रोखायचा. आपण तिला बंदूकच म्हणायचो. आणि काय करायचो? टोपी मागं सारून कपाळ पुढं करायचो! आकार तोच, रोखणं तेच, आणि भीती गेलेली. हे जर दोन महिन्यांत सगळ्या गावाला जमलं, तर आकाराची आठवण पुसता येत नाही, हे मी कसं मानू? खंडेनवमीला आपण हत्यारांच्या बरोबरीनं अवजारं पुजतो. तलवारीशेजारी पाना, पान्याशेजारी माग. माझ्या कपाटात त्या दोन्ही गोष्टी एकाच मुठीत आल्यात, एवढंच.

शंकासुर : तापमापकाचं उदाहरण चांगलं आहे, आता ते पूर्ण कर. ती बंदूक पांढरी होती. ती धरणारा आपल्या ओळखीचा वॉचमन होता, दवाखान्याच्या नाहीतर दुकानाच्या दारात उभा होता, आणि ती कशासाठी आहे हे रोज बातम्यांत सांगत होते. रंग, माणूस, जागा आणि कारण, या चार गोष्टींनी भीती घालवली. आकारानं काहीच केलं नाही. आता तुझ्या वस्तूला लावून बघ. रंग तुझ्या हातात आहे, तू हिरवा दिलास, चांगलं केलंस. तुझ्या घरात जागा, माणूस, कारण सगळं ठीक. पण उद्या पुतण्या ती गणपतीच्या मिरवणुकीत घेऊन गेला तर? तू कुणाला विकलीस आणि त्यानं ती पुन्हा काळी रंगवली तर? चारांपैकी तीन गोष्टी वस्तूबरोबर जात नाहीत, त्या तुझ्या घरातच राहतात. वस्तू एकटीच बाहेर पडते.

हौशी : विकत नाही मी.

शंकासुर : आज नाही. पण या छंदाला बाजार आहे, हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. त्या हॅन सोलोच्या माउझरचं पुढं काय झालं?

हौशी : ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत लिलाव झाला. दहा लाख सत्तावन्न हजार पाचशे डॉलर.

शंकासुर : बघ! भाड्यानं आणलेलं जुनं पिस्तूल, त्यावर दुर्बीण आणि टोपी. किंमत कशाची आली? माउझरची म्हणशील तर माउझर त्याच्या कितीतरी खाली मिळतं. कारागिरीची म्हणशील तर ती भाड्याच्या दुकानातल्या घाईची होती. किंमत आली ती पडद्यावर ते रोखलं गेलं म्हणून. म्हणजे शेवटी रोखण्याचेच पैसे. तुझ्या धोट्याचं मोल कुणी करेल तेव्हा ते सुताचं करेल की चापाचं, हे मला बघायचंय.

हौशी : मलाही. खरं सांगायचं तर चाप मी अजून काढू शकलेलो नाही. स्प्रिंग काढली, घोडा काढला, नळी बुजवली. चाप राहिला. तो काढला की बोट कुठं ठेवायचं ते हाताला कळत नाही, आणि वस्तू हातात मेल्यासारखी होते. तो ठेवला की तुमची दहा पावलं मधे येतात. मी त्या दोघांच्या मधे कुठंतरी अडकलोय. रंग आणखी भडक करीन, मूठ जाड करीन, पुढचं नाक खाली वळवीन. पण चापाचं काय करायचं ते ठरत नाही.

दोघांचं जमलं ते एवढ्यावरच. यापुढं नवी वस्तू कपाटात ठेवण्याआधी हौशीनं ती हातात धरून अंगणाच्या एका टोकाला उभं राहायचं, शंकासुरानं चष्मा काढून दहा पावलांवर उभं राहायचं आणि पहिल्या क्षणी काय दिसलं ते खरं सांगायचं. बंदूक दिसली तर ती वस्तू पुन्हा टेबलावर जाणार. शंकासुराच्या मते ही परीक्षा दिवेलागणीला घ्यावी, हौशीच्या मते भर दुपारी, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. शस्त्र अधिनियमातल्या कलम ६ चीही त्यात मदत होत नाही. नकली बंदूक म्हणजे बंदुकीसारखी दिसणारी कोणतीही वस्तू, एवढं त्यात लिहिलं आहे. किती पावलांवरून आणि कुठल्या उजेडात, हे लिहिलेलं नाही.